माळ्यावरचा फ्यूज बॉक्स खाली आणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात पेठेतल्या जुन्या वाड्यात तुमचा वाटा, फ्यूज बॉक्स माळ्यावर पत्र्याखाली, पुढ्यात गाद्यांचा ढीग. फ्यूज गेला की शिडी लावावी लागते आणि दिवसा घरात आई एकट्याच. वायरमन म्हणतोय, अर्ध्या दिवसात बॉक्स खाली दाराजवळ आणून देतो.

आणता येतो, आणि आणाच. पण अर्ध्या दिवसात होतं ते फक्त बॉक्स ठोकायचं काम. घरातल्या वायरी जुन्या जागेच्या मापाने ओढलेल्या असतात, बॉक्स खाली गेला की त्या तोकड्या पडतात. खरं काम तिथून पुढे आहे. मी स्वतः वायरमन आहे. पेठांतले वाडे आणि पूर्व भागातली यंत्रमागाची घरं, दोन्हींत हेच दिसतं.

आधी मीटरचं बघू. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर आणि त्याचं सील महावितरणचं. त्याला कुणीही हात लावायचा नाही. सील तुटलं तर २००३ च्या वीज कायद्यात प्रकरण वीजचोरीच्या कलमापर्यंत जाऊ शकतं. मीटर हलवायचा असेल तर त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, पण तुम्हाला त्याची गरज दिसत नाही. मीटरच्या शेजारी एक मेन स्विच राहू द्या आणि तिथून जाड वायर, साध्या घराला ६ चौरस मिलिमीटरची, खालच्या नव्या डीबीपर्यंत (म्हणजे फ्यूज बॉक्सच्या जागी येणाऱ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डापर्यंत) आणा. मीटर ते मेन स्विच हा तुकडा स्विच बंद केला तरी जिवंतच असतो. तो बदलायचा असेल तर मागून सप्लाय महावितरणच्या माणसाकडून बंद करून घ्या.

आता तोकड्या वायरी. दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येक सर्किटची वायर नवी ओढायची. दुसरा, जुना बॉक्स रिकामा करून त्याचा जंक्शन बॉक्स करायचा, आत कनेक्टर लावून वायरी पुढे न्यायच्या आणि झाकण उघडता येईल असं ठेवायचं. नुसते पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड भिंतीत गाडू देऊ नका. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि ढिला जोड सगळ्यात आधी तिथेच जळतो. लाकडी पट्टीवरची जुनी रबरी वायर असेल तर दुसऱ्या रस्त्याचा विचारच सोडा. ती वाकवली की वरचं रबर भुग्यासारखं गळतं. शंका असेल तर मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायला सांगा. ५०० व्होल्टवर एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बाद.

जुना बॉक्स उघडल्यावर आत काय आहे तेही बघा. चिनीमातीचे दोन किटकॅट, म्हणजे काढ-घाल करायचे जुने फ्यूज, शेजारी शेजारी असतील, तर एक फेजवर (करंट आणणाऱ्या वायरीवर) आणि एक न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) असण्याची दाट शक्यता. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, पण बोर्डात करंट तसाच राहतो. माणूस बिनधास्त हात घालतो आणि चिकटतो. नव्या डीबीत न्यूट्रलवर फ्यूज नको. फेजवर सर्किटप्रमाणे एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा खटका) आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा खटका).

आरसीसीबी लावली की वाड्यातल्या वाटण्या बाहेर येतात. हे यंत्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच बघतं. फरक पडला की ट्रिप. वाडा भावाभावांत वाटला, मीटर वेगळे झाले, पण जिन्यातल्या दिव्याचा फेज तुमच्याकडून आणि न्यूट्रल चुलत्यांच्या मीटरवरून, असं सर्रास असतं. तो दिवा लावला की तुमचं घर अंधारात. मग 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून ती काढून टाकली जाते. यंत्र ठीक असतं. उसना न्यूट्रल शोधून तोडायचा आणि त्या दिव्याला आपला द्यायचा. या शोधाला कधी कधी बॉक्स बसवण्याहून जास्त वेळ जातो, म्हणून मजुरी ठरवतानाच हे बोलून घ्या.

जागा दाराजवळची चांगली. आई जमिनीवर उभ्या राहून खटका वर करू शकतील एवढी उंची ठेवा. गॅसच्या किंवा सिंकच्या वर नको, बाथरूममध्ये तर नकोच, आणि पुढे पुन्हा गाद्या रचू नका. दगडमातीच्या भिंतीत स्क्रूची गिट्टी धरत नाही, वायरीसाठी झिरी मारली तर पोपडा नाही, अख्खी माती येते. विटेची भिंत निवडा आणि वायर वरून पीव्हीसी पट्टीत न्या. दिसायला जरा बरं नाही, पण दुरुस्तीला सोपं. खाली माग असेल तर डीबीला घट्ट दार हवंच, कारण कापसाचे तंतू आत साचले आणि ठिणगी पडली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

एमसीबी वायरीच्या जाडीप्रमाणे हवी: दीड चौरस मिलिमीटरला १०, अडीचला १६ अँपिअर. गिझरला चारची वायर आणि २० ची एमसीबी. सारखी ट्रिप होते म्हणून मोठी एमसीबी टाकतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. अर्थिंगही तपासून घ्या, उन्हाळ्यात मुरूम कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा नावापुरताच उरतो.

काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागा. खर्चाचं विचाराल तर घर न बघता आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वायर किती मीटर लागते यावरच सगळं आहे. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, एकेक एमसीबी पाडून कुठली खोली बंद होते ते बघा, आणि डीबीच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरात लिहून घ्या.