साधा कुकर लावायचा म्हटले तरी रडू येते

प्रश्न : नोकरी, मुलाची दहावी आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळताना संध्याकाळी काहीच सुचत नाही; साधा कुकर लावायचा म्हटले तरी रडू येते. मी कमी पडते आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. माणसाची कार्यस्मृती (हातातले काम करताना लागणारी तात्पुरती स्मरणशक्ती) एका वेळी साधारण चारच गोष्टी हाताळू शकते, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. औषधांच्या वेळा, शिकवणीचे शुल्क आणि कार्यालयातील अपुरा अहवाल हे सारे डोक्यातच वागवले, तर किरकोळ कामही जड वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून सगळे कागदावर उतरवावे आणि त्यांतली आजची दोनच कामे निवडावीत. मात्र यादी केल्याने काम कमी होत नाही, ते वाटावेच लागते : सासूबाईंच्या औषधांची जबाबदारी यजमानांकडे पूर्णपणे सोपवावी आणि त्यांना आठवण करून देण्याचे कामही स्वतःकडे ठेवू नये (बहुतेक घरांत नेमके तेच बाईकडे उरते). झोप उडणे, भूक मंदावणे किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे. शासनाच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.