खतावणीतली नावं

सोलापूर, रविवार रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी कृतज्ञतेची वही अजून माझ्या टेबलावर आहे. पहिल्या दिवशी पाच ओळी, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी तीन, आणि चौथ्या दिवशी मोठ्या अक्षरात ‘खोटं वाटतंय’. पुढची पानं कोरी. वही हातात देताना तू म्हणालीस, ‘काका, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मला कृतज्ञ वाटतच नाही.’ तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसलो. आज नीट लिहितो.

कॉलेजात असतानाच तुझ्या हातात नोकरीचं पत्र आलं. आजीनं सिद्धेश्वराला नारळ फोडला. मग रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे गेली आणि शेवटी नोकरी रद्द झाल्याची चार ओळींची मेल आली. याला आता सात महिने होतील. नात्यातलं जो तो तुला सांगतो, ‘आहे त्यात समाधान मान, कितीतरी पोरांना एवढंही मिळत नाही.’ मला हे बोलणं कधीच पटलेलं नाही. शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी लहान आहे हे बघून आपली मोठी वाटावी, यात कृतज्ञता कुठली? असं समाधान दुसऱ्याच्या हालांवर उभं असतं. तुला ते खोटं वाटलं, याचा मला आनंद झाला.

माझी सगळी उमर यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून गेली. चादरी किती निघाल्या, टॉवेल किती, सूत किती आलं, कांडीवाल्यांचे पैसे किती, जॉबरला उचल किती दिली, हे लिहिण्यात. म्हणून तुझी वहीसुद्धा मी दिवाणजीच्याच नजरेनं वाचली. आमच्याकडे मुख्य पुस्तकं दोन. एक रोजकीर्द. दिवसभरात जे घडेल ते त्यात घडेल त्या क्रमानं उतरवायचं. दुसरी खतावणी. रोजकीर्दीतली प्रत्येक नोंद उचलायची आणि ज्याची त्याच्या खात्यावर मांडायची. नुसती रोजकीर्द लिहून ठेवली तर वर्षअखेर कोणाचं काय देणं आहे, हे कळायला मार्ग नाही.

तू रोजकीर्द लिहिलीस. ‘सकाळचा चहा. पाऊस. डोक्यावर छप्पर. तब्येत ठीक. मैत्रिणीचा फोन.’ एकाही ओळीत माणसाचं नाव नाही. मैत्रिणीचंसुद्धा नाही! चहा आपोआप झाला, छप्पर आपोआप उभं राहिलं, असं वाचणाऱ्याला वाटावं. आता हेच खतावणीत घालून बघ. तू रात्री दोनपर्यंत अर्ज भरत बसतेस हे आईला माहीत आहे, म्हणून सकाळी ती भांड्यांचा आवाज न करता स्वयंपाकघरात वावरते आणि तू उठल्यावर दुसऱ्यांदा आधण ठेवते. छपराचा हप्ता तुझे बाबा अजून फेडताहेत, आणि या सात महिन्यांत त्यांनी तो विषय तुझ्यासमोर एकदाही काढलेला नाही. नाव आलं की नोंद जड होते. हिशेबाचा आमचा पहिला धडाही हाच होता, देणाऱ्याच्या खात्यात जमा.

‘कृतज्ञ’ हा शब्दच बघ. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो कृतज्ञ. त्यात ‘वाटणं’ कुठेच नाही. तुला आत काही उचंबळून येत नाही म्हणून तू स्वतःला दोष देतेस. ते येईल किंवा येणार नाही, सध्या तुझं मन थकलेलं आहे. पण कोणी आपल्यासाठी काय केलं हे नीट बघता येणं, ते थकल्या मनालाही जमतं.

आता माझी एक नोंद सांगतो. ती मी बावीस वर्षं चुकीच्या खात्यावर ठेवली होती.

१९८७ साली मी चोवीस वर्षांचा होतो. ज्या कारखान्यात लागलो होतो तो मालकानं एका आठवड्यात बंद केला. शेवटच्या महिन्याचा पगारही मिळाला नाही. वडील आधीच गेलेले, आई बहिणीकडे, मी एका खोलीत एकटा. आठ महिने काम नव्हतं. शेजारी एक तेलुगू बाई राहायच्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या बिड्या वळायच्या. रात्री पानं भिजवायच्या, सकाळी फरम्यावर कापायच्या, मग मांडीवर सूप घेऊन संध्याकाळपर्यंत हजाराची भरती. मी बेकार झालो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या दारात आल्या. म्हणाल्या, ‘माझा हिशेब लिवून दे की. पान किती दिलं, तंबाखू किती, बिडी किती गेली, छाट किती काढली, मला काय समजत नाही.’ छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या.

मग दर शनिवारी दुपारी मी त्यांच्या उंबऱ्याशी बसून हिशेब लिहायचो. लिहून झालं की ताट यायचं. भात, पुंटीकुरा म्हणजे आपली अंबाडी, कधी आमटी, आणि रात्रीसाठी फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. मी नको म्हणालो की त्या म्हणायच्या, ‘फुकट लिवून घेऊ काय तुझ्याकडून? खा की.’ आठ महिने मी मान वर करून जेवलो. आपण एका अडाणी बाईला मदत करतोय, त्याची ही मजुरी आहे, असंच समजत होतो. पुढे नोकरी लागली, खोली सोडली, जाणं-येणं तुटलं.

२००९ मध्ये एका लग्नात त्यांची मुलगी भेटली. अक्का तीन वर्षांपूर्वी गेल्याचं तिनं सांगितलं. मी त्या हिशेबाच्या वहीची आठवण काढली, तशी ती हसली आणि म्हणाली, ‘आईला कशाला वही लागायची? सगळ्या गल्लीची छाट तिला तोंडपाठ असायची. तुम्ही उपाशी राहता आणि मागून खाणार नाही, म्हणून तिनं ते काढलं होतं.’

मी मांडवाबाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिलो. पोरी, मी दिवाणजी. लोकांच्या पै-पैचा हिशेब जुळवणारा. आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी जमा मी मजुरी म्हणून लिहून मोकळा झालो होतो. अक्कांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. आता दर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत त्यांच्या मुलीकडे जातो, तिच्या नातवंडांसाठी काहीतरी घेऊन. पण ते खातं त्यानं मिटत नाही.

म्हणून तुला घाईनं सांगतोय, माणसं असताना सांग. आपल्याकडे घरात आभार मानायची रीत नाही. आईला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती विचारेल, बरं आहे ना तुला? मग तो शब्द वापरू नकोस. ‘आई, तू सकाळी भांडी वाजू देत नाहीस, ते मला कळतं,’ एवढं बोल. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना ऋण व्यक्त करणारी पत्रं लिहायला लावली आणि विचारलं, वाचणाऱ्याला कसं वाटेल? समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज मोठा होता. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना तितकं अवघडायला झालं नव्हतं, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त झाला होता. तुझी जीभ अडेल तेव्हा हे आठव.

दुसरी गोष्ट, आणि ही मी तितकीच गंभीरपणे सांगतो. जे हक्काचं आहे ते उपकाराच्या खात्यावर टाकू नकोस. उजनी धरणाचं पाणी आपल्या नळाला कधी येणार याची आपण वाट बघत बसतो. ते आलं म्हणून कोणाचे पाय धरायचे कारण नाही, आपण पट्टी भरतो. पण रात्री दोन वाजता येऊन पाण्याची चावी फिरवणारा माणूस वेगळा. त्याला थांबवून विचारावं, चहा घेणार का. एकाच पाण्याच्या या दोन नोंदी आहेत. तुझ्या नोकरीचंही तसंच. ज्यांनी शब्द देऊन मागे घेतला त्यांचं वागणं चुकीचं होतं. ‘यातून काहीतरी शिकायला मिळालं’ म्हणून त्यांचे आभार मानायची गरज नाही. राग येत असेल तर तो ‘नावे’ बाजूला, म्हणजे जमेच्या समोरच्या बाजूला, राहू दे. जमा लिहिली म्हणून नावे खोडायची नसते. दोन्ही बाजू खऱ्या असतील तरच ती वही विश्वासाची.

रोज लिहू नकोस. रोजची सक्ती झाली की हात चहा-पाऊस लिहून सुटका करून घेतो. आठवड्यातून एकदा पुरे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही एका गटातल्या विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच लिहिलं होतं, तेही जास्तीत जास्त पाच गोष्टी. अडचणी लिहिणाऱ्या मुलांपेक्षा त्यांना स्वतःचं आयुष्य बरं वाटत होतं आणि येणाऱ्या आठवड्याकडे ती जास्त आशेनं बघत होती. यानं नोकरी लागत नाही. पण अर्ज भरायला बसण्याचं बळ टिकतं, आणि तुला सध्या तेच हवंय.

वहीच्या मागच्या बाजूनं मी पानं आखून ठेवली आहेत. वर नाव, खाली त्या माणसानं काय केलं, आणि त्यासाठी त्याला काय सोडावं लागलं. ही तिसरी ओळ सुचायला वेळ लागतो. लागू दे.

मंगळवारी मुलाखतीला पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं जाणार आहेस ना? आपण सगळे नुसतं ‘हुतात्मा’ म्हणतो आणि जागा पकडायला धावतो. ज्यांच्यावरून गाडीचं हे नाव, ते चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. तू ज्या गावाला निघाली आहेस, तिथेच. गाडी सुटली की एकदा ही चार नावं मनात म्हण. मी गेली कित्येक वर्षं म्हणतो.

मी स्टेशनवर येतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणतो, पुण्यात उतरेपर्यंत पुरेल. वहीही तेव्हाच देतो. कागदपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स आजच काढून ठेव आणि पोहोचलीस की आधी आईला फोन कर.

तुझा,
दिवाणजी काका