सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना डिजिटल डिझाइन शिकवायला स्वस्त एफपीजीए बोर्ड कोणता? आर्डुइनोवर भागणार नाही का?

आर्डुइनोवर भागणार नाही. त्यात प्रोसेसर तयारच असतो, तुम्ही त्याला एकामागून एक कामं सांगता. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपणच ठरवायची चिप. इथे गेट आणि फ्लिपफ्लॉप (एक बिट लक्षात ठेवणारे भाग) मुलांनीच जोडायचे, आणि सगळं सर्किट एकाच वेळी चालतं. मुलांचं डोकं नेमकं तिथेच अडतं.

टँग नॅनो ९के घ्या. एक भारी बोर्ड घेण्यापेक्षा हेच पाच-सहा घ्या. मी शिकलो त्या कॉलेजात महागडा बोर्ड कुलपात असायचा. तीन वर्षांत दोनदा दर्शन झालं, हात कधी लागला नाही. आता विश्रामबागेत शिकवणी घेतो, तर दोघांत एक बोर्ड हा माझा हट्ट.

यात ८६४० एलयूटी (लॉजिक बसवायचे छोटे तक्ते) आहेत, मुलांना संपता संपत नाहीत. क्लॉक (ठोके देणारं घड्याळ, एक ठोका म्हणजे एक टिक) २७ मेगाहर्ट्‌झचं. एलईडी दर अर्ध्या सेकंदाला बदलायचा तर १,३५,००,००० टिक मोजायला हव्यात. तासगावच्या एका पोराने काउंटर १६ बिटचा घेतला. तो ६५,५३५ ला पोचला की परत शून्यावर, १ कोटी ३५ लाख गाठणार कधी? एलईडी ढिम्म, नुसता पेटलेला. "सर, बोर्ड गेला." म्हटलं, बिट मोज. २४ केले आणि मिचकायला लागला. (मुळात पेटलेला का? या बोर्डावर शून्य दिलं की एलईडी लागतो. हे आधी सांगू नका, त्यांनाच सापडू दे.)

याच पोराला घरच्या बेदाण्याचे बॉक्स मोजायचे होते. बटण एकदा दाबलं की आकडा चारने पुढे! बटणाच्या आतली पट्टी टेकताना थरथरते, आणि क्लॉक इतकं वेगवान की प्रत्येक थरथर त्याला दिसते. २० मिलिसेकंद थांबून मगच मोजायचं, म्हणजे ५,४०,००० टिक. हा हिशोब त्याने फळ्यावर स्वतः केला.

पाच व्होल्टचे सेन्सर थेट जोडू नका. पिना ३.३ व्होल्टच्या, काही तर १.८ च्या. एक बोर्ड मी असाच घालवलाय.

लिहिलेल्या कोडचं सर्किट करून चिपवर बसवणारी योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, जुना लॅपटॉप चालतो. बोर्ड येईपर्यंत आयकारस व्हेरिलॉग या सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन सुरू करा. डिझाइन एसरॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणारी मेमरी) टाकलं तर केबल काढताच उडतं, टिकवायचं तर फ्लॅशमध्ये टाका. आणि यूएसबी-सी केबल डेटावाली बघून घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलपायी आमची एक अख्खी संध्याकाळ गेली होती.