नवव्या शतकात इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्यावर राज्य करणाऱ्या आल्फ्रेड राजाबद्दल अ‍ॅसरने लिहिलेलं चरित्र कितपत विश्वसनीय आहे?

घटनांच्या सांगाड्यापुरतं बऱ्यापैकी विश्वसनीय. राजाच्या गुणवर्णनासाठी नाही. अ‍ॅसर हा वेल्सचा भिक्षू आल्फ्रेडच्याच दरबारात होता आणि ८९३ मध्ये, राजा हयात असताना, त्याने हे लॅटिन चरित्र लिहिलं. साक्षीदार जवळचा, पण आश्रित. लढायांचा बराचसा मजकूर त्याने वर्षवार नोंदींच्या जुन्या इंग्रजी इतिवृत्तातून, म्हणजे ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’मधून घेतला आहे, त्यामुळे एकच गोष्ट दोन्हीकडे सापडली तरी ते दोन स्वतंत्र पुरावे धरू नका. क्रॉनिकलही वेसेक्सच्याच बाजूचं! त्यानुसार ८५३ मध्ये पोपने रोममध्ये आल्फ्रेडला राज्याभिषेक केला. तेव्हा तो जेमतेम चार-पाच वर्षांचा होता आणि त्याला थोरले भाऊ होते. मला तरी हे मागाहून रंगवलेलं वाटतं. पडताळ्यासाठी आल्फ्रेडचं मृत्युपत्र, नाणी आणि व्हायकिंग नेता गुथ्रम याच्याशी झालेला तह पाहा. मात्र चरित्राचं एकमेव ज्ञात मध्ययुगीन हस्तलिखित १७३१ च्या आगीत जळालं, त्यामुळे आजची संहिता जुन्या नकला आणि छापील आवृत्त्यांवरून जुळवलेली आहे. लपून राहिलेल्या आल्फ्रेडच्या दुर्लक्षामुळे केक करपल्याची प्रसिद्ध गोष्ट तर अ‍ॅसरची नाहीच, ती १५७४ च्या आवृत्तीत संपादकाने बाहेरून घातली.