पहिल्या खेळाला एकच धर्म पुरे

भूमिका-खेळासाठी (खेळाडू पात्रं होऊन गोष्ट पुढे नेतात तो खेळ) काल्पनिक जग रचताना बारा देवांची वंशावळ लिहीत बसू नका, पहिल्या सत्रात ती कुणी वाचत नाही. खेळाडूंच्या लक्षात राहतो तो विधी. 'वॉरहॅमर ४०,०००' (दूरच्या भविष्यात घडणारा, १९८७ पासूनचा युद्धखेळ) बघा: तिथले यंत्रपुजारी यंत्राला पवित्र तेल लावतात, धूप जाळतात, मंत्र म्हणतात, मगच ते सुरू करतात. तेल तर यंत्राला हवंच असतं! देखभालीचंच कर्मकांड झालंय, आणि विज्ञान नि श्रद्धा एका कृतीत आली.

तुम्ही तीनच गोष्टी लिहा:

- रोजचा एक विधी
- एक मनाई, ती मोडली तर काय होतं
- धर्मावर कुणाचं पोट चालतं

सगळे पुजारी ढोंगी दाखवू नका, खेळाडू त्यांचं ऐकेनासे होतात. देवही प्रत्येक हाकेला धावला, तर श्रद्धेला जागाच उरत नाही. पंथभेद नंतर बघू.