डब्यातले बोल्ट कुणाचे?

प्रश्न : नमस्कार काका. वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. यंदा इंजिन उतरवून उघडलं. मेकॅनिकने सगळे नटबोल्ट तेलाच्या एकाच डब्यात टाकले आणि आता म्हणतो, यातले निम्मे कंपनीचे नाहीतच. मुंबईचा एक विक्रेता ‘ओरिजिनल फियाट बोल्ट सेट’ देतोय. घेऊ का? कंपनीचा बोल्ट ओळखायचा कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सेट आत्ताच घेऊ नका. आणि तुमच्या मेकॅनिकला माझ्यातर्फे चार शब्द सुनवा. बोल्ट कुठल्या भोकातून निघाला ही माहिती बोल्टाइतकीच मोलाची असते. मी पुठ्ठ्यावर इंजिनाची आकृती काढतो आणि जिथला बोल्ट तिथेच टोचून ठेवतो. तुमची ती वेळ गेली, असो.

डबा वर्तमानपत्रावर ओता, बोल्ट रॉकेलने धुवा आणि पाने घेऊन बसा. फियाट ही एमएमची गाडी. तिच्या आठ एमएमच्या बोल्टाला तेराचा पाना लागतो, दहाच्याला सतराचा. त्याच बोल्टांना बारा आणि चौदाचा पाना बसला, तर ते बहुधा मारुतीचे. जपानी मापात डोकं लहान असतं. गंमत म्हणजे दहा एमएमच्या बोल्टाला फियाटमध्ये ठिकठिकाणी १.२५ पिचचे (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ एमएम) आटे आहेत, आणि मारुतीतही तेच. त्यामुळे परका बोल्ट बोटांनी फिरवला तरी सरळ आत जातो, कुणाला पत्ता लागत नाही. १९८३ नंतर मारुतीचा माल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागला आणि फियाटवाल्यांनी तो खुशाल वापरला. मीही वापरलाय. गाडी चालायला काही अडत नाही, पण तुम्हाला जुनं रूप हवंय ना? मग हे बाजूला काढा.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा दहाचा बोल्ट १.५ पिचचा असतो. तो दोन-तीन आटे जाऊन अडतो, म्हणजे निदान सांगून तरी अडतो. खरा घात करतो तो अडीच सुती. अडीच सूत म्हणजे ७.९४ एमएम. डोळ्यांना तो आठचाच वाटतो, तेराचा पानाही त्याच्यावर जेमतेम चालून जातो. पण अँबॅसडर किंवा जीपमधून निघालेल्या बारीक आट्यांच्या अडीच सुतीला इंचात २४ आटे असतात, आठ एमएमच्याला साधारण २०.

हे मी पैसे मोजून शिकलोय. उमेदवारीच्या काळात एका फियाटच्या हेडमध्ये बोल्ट जड जाताना जाणवला. मी पान्यावर पाइप चढवला आणि जोर केला. या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं. बोल्ट बाहेर काढला तर त्याला शेवेसारखी चमकती तार गुंडाळलेली. भोकातले आटेच सोलून निघाले होते. वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. हेड लेथवाल्याकडे पाठवलं आणि आठवड्याच्या पगारातून पैसे कापले.

पिच गेज स्वस्तात मिळतं, घ्या. नसेल तर खात्रीचा एक बोल्ट दुसऱ्याला चिकटवून उजेडासमोर धरा. आट्यात आटा बसून मधून उजेड दिसला नाही, तर पिच एकच.

आता डोक्यावरची अक्षरं. बोल्टाच्या ताकदीची ८.८ ही खूण रूढ झाली साठच्या दशकाच्या अखेरीस. तुमच्या गाडीत ती दिसली तर बोल्ट मागाहून आलेला असण्याचाच संभव जास्त. फियाटच्या जुन्या मॅन्युअलमध्ये टॉर्कच्या (बोल्ट किती जोराने कसायचा त्याच्या) तक्त्याशेजारी बोल्टाच्या मटेरियलचा रकाना असतो. तिथे आर ८०, आर १०० असं लिहिलेलं दिसेल. हा आकडा म्हणजे चौरस मिलिमीटरला किती किलोचा ताण सोसतो तो. म्हणजे आर ८० च्या जागी आजचा ८.८ चालतो, त्याहून हलका चालत नाही. टीव्हीएस असा छाप असेल तर लक्षात ठेवा, त्या कंपनीचं बोल्टांचं उत्पादन १९६६ साली सुरू झालं. तुमच्या ६८ च्या गाडीत तो असूही शकतो. पण कुणी पन्नासच्या दशकातल्या मिलेचेंतोचा, म्हणजे जुन्या फियाट ११०० चा, बोल्ट म्हणून तोच दाखवला, तर हसून पुढे जा.

बोल्ट कुठल्या भोकातला, हे अजूनही काही प्रमाणात कळतं. रॉकेलने धुतल्यावरही त्याच्या अंगावर गंजाचा किंवा काळपट पट्टा राहतो. जेवढा भाग आट्यात रुतलेला होता तेवढा स्वच्छ, आणि जेवढा पार्टाच्या जाडीतून गेला तेवढा डागाळलेला. पट्टा मोजा, पार्टाची जाडी मोजा. जुळलं की जागा सापडली. अॅल्युमिनियमवर वायसरचा गोल ठसाही उमटलेला असतो, तो बघा. जो भाग अजून उघडलेला नाही त्याचे बोल्ट एकेक करून काढा. डोक्याचे कोपरे शाबूत आणि भोवती जुना मळ तसाच असेल, तर तिथे फारसं कुणी हात घातलेला नाही. तो तुमचा नमुना.

विक्रेत्याला फोटो मागा आणि विचारा, कुठला बोल्ट कुठे लागतो? त्याला सांगता आलं नाही तर तो ‘सेट’ नाही, किलोवर घेतलेला माल आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी गेल्या. त्यांच्या भंगारातला माल अजून फिरतोय. तो टाकाऊ मुळीच नाही. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन तेच १०८९ सीसीचं, कुर्ल्याच्याच कारखान्यातलं. फक्त टॅक्सीचे बोल्ट दहा हातांतून गेलेले असतात, तेव्हा आधी आटे तपासा.

कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगचे बोल्ट मात्र जुने शोधत बसू नका. तिथे योग्य ग्रेडचे नवे घाला. इंजिन जोडून झाल्यावर ते कुणाला दिसणार नाहीत. तुटले तर सगळ्यांना ऐकू येईल.

प्रश्न : प्लेटिंगवाला म्हणतो सगळे बोल्ट क्रोम करून देतो, शोला छान दिसतील. करू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको. कारखान्यातून निघालेलं इंजिन आरशासारखं चमकत नसतं. जुने बोल्ट मुख्यतः काळसर फॉस्फेटचे किंवा करड्या कॅडमियमचे. क्रोमच्या थराने आटे जाड होऊन बोल्ट अडतो तो वेगळाच. शिवाय प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि जास्त ताकदीचे, १०.९ आणि वरचे बोल्ट ठिसूळ होतात. प्लेटिंग झाल्याबरोबर साधारण २०० अंशांवर काही तास भाजले नाहीत, तर कसल्यावर दुसऱ्या दिवशीसुद्धा डोकं उडतं. आमच्या गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे भट्टी होती ती फक्त चहाची.

प्रश्न : १९७१ ची गाडी आहे. व्हिंटेज नोंदणी करायची तर बदललेले नटबोल्ट आड येतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : येणार नाहीत. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते आणि नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात. बोल्ट कुणी मोजत नाही, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. ब्लॉक सँडब्लास्टिंगला देणार असाल तर आधी त्या नंबराचा फोटो काढा आणि वर रबराची जाड पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवून द्या.