दाढ काढण्याआधी इंजेक्शनचं नाव सांगा

तुमच्या सासूबाईंना कॅन्सरसाठी दर महिन्याला हाडांचं इंजेक्शन चालू आहे आणि डेंटिस्ट म्हणतायत, 'दाढ काढून टाकू, दहा मिनिटांचं काम.' तुमचं हे वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे ते दहा मिनिटांचं काम अकरा महिने पुरलं.

आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेला. झोलेड्रॉनिक ॲसिड, म्हणजे असंच हाडांचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी, सलाइनमधून. दाढ दुखायला लागली म्हणून नौपाड्यात डेंटिस्टकडे नेलं. फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना होता. मी लिहिलं, बीपीची गोळी, थायरॉइडची गोळी. सलाइन आमच्या लेखी औषध नव्हतंच, ती परळच्या हॉस्पिटलची वारी होती! डॉक्टरांनी खोदून विचारलं नाही हे खरं, पण पेन माझ्या हातात होतं.

दाढ काढली, पण खड्डा भरेचना. दोन महिन्यांनी टॉर्च मारून पाहिलं तर हिरडीतून पिवळट हाड डोकावत होतं. आई म्हणायची, डाळीतला खडा अडकलाय, काढ ना. या इंजेक्शनमुळे दाढ काढल्यावर जबड्याचं हाड मरू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मी डॉक्टर नाही, पण माझं मत ठाम आहे: ऑन्कॉलॉजिस्ट (कॅन्सरचे डॉक्टर) आणि डेंटिस्ट एकमेकांशी बोलल्याशिवाय दाढेला हात लावू देऊ नका. इंजेक्शनचं नाव, डोस, शेवटचं कधी घेतलं, सगळं लिहून द्या. दाढ वाचत असेल तर रूट कॅनाल बरं. काढावीच लागली तर मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबड्याच्या सर्जनकडे. सुजलेली दाढ तशीच ठेवणंही वाईट, पू जबड्यात उतरतो. 'आठ दिवस इंजेक्शन थांबवा, मग काढू' याला झोलेड्रॉनिकच्या बाबतीत अर्थ नाही, ते हाडात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या इंजेक्शनचं गणित वेगळं. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होणं) ते सहा महिन्यांनी घेतात, आणि डोस मनानेच लांबवला तर मणके मोडू शकतात. (ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचून घाबरून गोळ्या सोडू नयेत. त्यांच्यात जबड्याचं हाड मरण्याचा धोका फारच कमी असतो.)

कवळी असेल तर ती कुठे घासते का तेही बघून घ्या, त्या जखमेतूनही हे सुरू होतं.

मेडिक्लेमबद्दल न बोललेलं बरं. जबड्याचं मेलेलं हाड ऑपरेशन करून काढलं, तर पत्र आलं, 'दंतचिकित्सा पॉलिसीत समाविष्ट नाही.' तेच कागद तीनदा मागवले. डिस्चार्ज कार्डावर 'औषधामुळे जबड्याच्या हाडाचा नेक्रोसिस' असं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं 'दाताचा त्रास' नको.

दाढ खालची आहे की वरची? खालच्या जबड्यात हे जास्त होतं. आणि अपॉइंटमेंट कधीची आहे? उद्या-परवाची असेल तर आधी फोन करून पुढे ढकला, बाकीचं नंतर बोलू.